खिडकी क्रमांक तीन

खिडकीवर तीन चष्मे असतात, दोरीने बांधलेले:
चाळिशीचा, पन्नाशीचा, साठीचा.
उराबे तोमिए यांनी साठीचा लावून पाहिला,
खाली ठेवला, म्हणाल्या, पंचाऐंशीचा नाही का?
मी माफी मागितली. नगरपालिकेच्या वतीने.

बाहेर कुरायोशीत फेब्रुवारीचा ओला बर्फ.
नवरा जाऊन एकोणचाळीस दिवस झालेत.
बँकेला तो हवा आहे जन्मापासून मरणापर्यंत,
एकही दिवस न गळता.
माणूस मेला, एवढं पुरत नाही आमच्याकडे.
मधल्या काळात तो कुठल्या पानावर होता,
तेही कागदानेच सांगावं लागतं.

अर्जावर रेइवाऐवजी त्यांनी शोवाला गोल केला
आणि खोडरबर मागितलं.
नाही, आजी. दोन आडव्या रेघा मारा,
खालचं वाचता येईल अशा.
शिमोजो-सानांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला:
खोडलेलं दिसलं पाहिजे.
दिसते ती नुसती चूक,
दिसत नाही तो खोटेपणा.

त्यांनी रेघा मारल्या. पिशवीतून डबी काढली.
शिक्का आता लागत नाही, मी म्हणालो,
परिपत्रक येऊन तीन वर्षं झाली.
लागत नसेल, त्या म्हणाल्या,
आणि म्हशीच्या शिंगाच्या त्या काळ्या कांडीवर
थंडीत काचेवर टाकतात तसा श्वास टाकला,
हाऽ
आणि दाबला. उराबे. थोडं तिरकं,
कडेला एक कपचा उडालेलं.

जन्मभर नासपतीची बाग केली होती दोघांनी.
एकेका फळाला एकेक कागदी पिशवी,
हजारो, दर वर्षी, हाताने.
कागद मला नवा नाही, त्या म्हणाल्या, अक्षरं नवी आहेत.

आता एक सांगायला हवं.
घराच्या नोंदी जेव्हा संगणकावर चढवल्या,
तेव्हा नावावर फुली असलेली माणसं
नव्या पानावर घेतली नाहीत. नियमच तसा.
ती मागच्या पानावर राहिली,
कुणीतरी मागेपर्यंत.

मी मागचं पान छापलं.
शोवा सदतीस. पेनाचं गोल अक्षर, कुणा कारकुनाचं,
जो केव्हाच निवृत्त झाला, कदाचित गेलाही.
पती कानेयुकी. पत्नी तोमिए.
त्यापुढे एक चौकट, तीवर मोठी फुली,
आणि फुलीखाली, स्वच्छ वाचता येणारं:
मोठी मुलगी, चिगुसा.
जन्म अकरा मे. मृत्यू चौदा मे.
कळवणार, वडील.

त्यांनी साठीचाच चष्मा पुन्हा लावला.
बोट फुलीवरून गेलं, खाली थांबलं.
हजार, त्या म्हणाल्या. गवत.
मला ताप होता, महिनाभर.
सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवण्याएवढं ते जगलं नाही, विचारू नकोस.
मी विचारलं नाही.
यांनीही सांगितलं नाही, एकसष्ट वर्षं.
पण इथे आले होते म्हणजे.
दोनदा. एकाच आठवड्यात.

मागे फॅक्सचा कागद सरकत होता.
पुढचा क्रमांक एकशे बारा.
मी बटण दाबलं नाही.

आणखी एक प्रत द्या, त्या म्हणाल्या, बँकेची नको, माझी.
साडेसातशे येन, आणि नवा अर्ज.
नियमाला माझ्याकडे पर्याय नव्हता,
आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला तो नकोही होता.
कारण, या रकान्यात छापलेलं असतं:
वारसा, निवृत्तिवेतन, पासपोर्ट, इतर.
त्यांनी इतरला गोल केला.
पुढच्या कंसात बराच वेळ पेन धरून लिहिलं,
वाचण्यासाठी.

हे कारण चालतं की नाही,
वरिष्ठांना विचारायला हवं होतं.
मी तारखेचा शिक्का उचलला,
आणि कसा कोण जाणे, मीही त्यावर
आधी श्वास टाकला.